उचल आणि व्हिसा
(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आजचा विषय अमेरिकेतल्या पगारांचा असला, तरी तो मांडायला अमळनेरइतके योग्य गाव मला सुचत नाही. १९४५ साली याच गावात वनस्पती तूप काढण्यासाठी जी कंपनी निघाली, तीच विप्रो पुढे संगणकाच्या धंद्यात शिरली आणि अभियंत्यांना समुद्रापार पाठवू लागली. तिचे जुने शेअर जपून ठेवणारी मंडळी या सभागृहातही असतील. त्यांच्याइतके माझे व्याख्यान कोणी मन लावून ऐकणार नाही, याची मला खात्री आहे.

परदेशातून कुशल माणसे आली की अमेरिकेतल्या तंत्रज्ञान क्षेत्रातले पगार उतरतात का, या प्रश्नावर गेली तीस वर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजू किती माणसे आली एवढेच मोजत बसतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की आलेल्या माणसाला न पटलेले काम सोडून दुसऱ्या दारी जाता येते की नाही.

खान्देशात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. नंदुरबार-नवापूरकडची कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. घरातले धान्य संपत आलेले असते अशा दिवसांत मुकादम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो, आणि ती घेणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. तोडणीचा दर पुढे कितीही कमी वाटला, शेजारच्या कारखान्यावर दोन पैसे अधिक मिळत असले, तरी उचल फिटेपर्यंत तो कोयता हलू शकत नाही. फडातल्या बाकीच्यांनी दर वाढवून मागितला, तरी मुकादमाला घाई नसते, कारण न हलणारी माणसे त्याच्या हाताशी असतात. वातानुकूलित कचेरीतला अभियंता आणि पाचटाच्या खोपीत राहणारा तोडकामगार यांच्या हालांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, तसे करणे अपमानाचेच होईल. साम्य आहे ते भाव करण्याच्या ताकदीपुरते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या जळगावच्या विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, १९९० साली, अमेरिकेने परदेशी कुशल माणसाला मालकाच्या अर्जावरून तात्पुरते कामाला येऊ देणारा एच-वन-बी हा व्हिसा निर्माण केला आणि त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवली. संगणकांचा ज्वर चढला तशी २००१ ते २००३ या वर्षांसाठी ती १,९५,००० पर्यंत नेली गेली, आणि २००४ साली पुन्हा मूळ आकड्यावर आली. अमेरिकेतच पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी नंतर २०,००० जागा वाढल्या. मालकाने त्या भागात त्या कामाला जो प्रचलित पगार असेल, निदान तेवढा द्यावा, अशी अट कायद्यात आहे. वाचायला ती चोख वाटते. पण त्या प्रचलित पगाराच्या चार पातळ्या आहेत. एका शहरातल्या एकाच कामाच्या शंभर माणसांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिली पातळी साधारण सतराव्या माणसाच्या आणि दुसरी चौतिसाव्या माणसाच्या पगाराजवळ येते. मधल्या माणसाचा पगार तिसऱ्या पातळीवर लागतो. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागांपैकी सुमारे ६० टक्के जागा खालच्या दोन पातळ्यांवरच्या होत्या. म्हणजे कायदा न मोडताही मधल्या पगाराखाली माणूस ठेवता येतो.

उचलीची जागा इथे घेतली आहे ती ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेने. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे निघतात, त्यांत बायकामुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाला त्यांतला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतासारख्या देशाला त्यामुळे दशकानुदशके थांबावे लागते. २००० सालच्या दुरुस्तीनंतर नोकरी बदलता येते हे खरे. पण नव्या मालकाला अर्ज करावा लागतो, ग्रीन कार्डाची कागदपत्रे बव्हंशी नव्याने करावी लागतात, आणि नोकरी गेलीच तर हाती जास्तीत जास्त साठ दिवस असतात. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की तो बापाच्या रांगेतून बाहेर पडतो, ही धास्ती वेगळीच. असा माणूस पगारवाढ मागताना आवाज किती चढवील?

अभ्यासकांचे निष्कर्ष एकाच दिशेला जात नाहीत, आणि ते तसेच असणार. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी मांडलेल्या हिशेबानुसार परदेशी माणसे आली नसती, तर २००१ साली अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. जिओव्हानी पेरी आणि त्यांचे सहकारी केविन शिह व चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळातली २१९ शहरे तपासली, तेव्हा परदेशी विज्ञान-तंत्रज्ञान कर्मचारी जिथे वाढले तिथे स्थानिक पदवीधरांचे पगारही वाढलेले आढळले. मला यात विसंगती दिसत नाही. पहिला अभ्यास त्याच खुर्चीवर बसणाऱ्याचा आहे, दुसरा संपूर्ण शहराचा. रावेरात केळी कापायला बाहेरून मजूर आले, तर कापणाऱ्याचा दर थोडा दबेल. पण माल वेळेवर हलला की ट्रकवाला, खोकी करणारा, चहावाला यांचे दिवस सुधारतात. दोघेही खरे बोलत असतात, आणि दबलेल्या माणसाला शहराची सरासरी सांगून त्याचे समाधान होत नाही.

या साखळीचे दुसरे टोक आपल्या घरात आहे. खन्ना आणि मोरालेस यांनी दाखवले आहे, की अमेरिकेत जाण्याच्या आशेने भारतातल्या मुलांनी संगणकशास्त्राची वाट धरली, ज्यांना व्हिसा मिळाला नाही ती इथल्या कंपन्यांत लागली, आणि त्यातूनच भारताचा सॉफ्टवेअर उद्योग फोफावला. आमच्या जिल्ह्यांतली अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच आशेवर भरली. पण मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या मुलाला बारा-पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला तीन-साडेतीन लाख मिळत आणि आजही आकडा फारसा हललेला नाही. मधल्या काळात पुण्यातल्या खोलीचे भाडे कुठे गेले, ते पालकांना ठाऊक आहे. तिथे दारात अडवलेला मजूर आणि इथे दारापुढे जमलेली गर्दी, यांचा लाभ एकाच मालकाला होऊ शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर लादले गेले. मर्यादेपेक्षा अर्ज जास्त आले की व्हिसा सोडतीने दिले जातात; डिसेंबरात त्या सोडतीचा नियमही बदलला, आणि चौथ्या पातळीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक, असे ठरले. स्वस्त माणूस आणणे त्याने अवघड होईल, हे मान्य. मात्र रांग आहे तिथेच आहे, आणि आत पोहोचलेल्या माणसाची मालकाशी बांधलेली गाठही तशीच आहे. माझे मत विचाराल तर फी वाढवण्याआधी ही गाठ सैल केली असती, तर तिथल्या अभियंत्याच्या पगाराचे अधिक रक्षण झाले असते.

व्याख्यानापूर्वी एका वडिलांनी मला विचारले, की मुलगा चालला आहे, त्याने काय पाहावे. ज्या अर्जात मालक पगाराची हमी देतो, त्याची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कामगाराला देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि त्यावर पगाराची पातळी लिहिलेली असते. अशा अर्जांची माहिती अमेरिकेचे श्रम खाते सर्वांसाठी खुली करते, त्यामुळे ती कंपनी इतरांना काय देते, हेही इथे बसून पाहता येते. मुलाने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यासाठी ठेवावी.