समाधान शिकावं लागतं

बंधुभगिनींनो, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे" हे बायबलमधलं वचन आपल्यातल्या किती घरांत भिंतीवर असेल! दहावीच्या परीक्षेआधी आपण ते मुलांकडून पाठ करून घेतो. माझी तक्रार नाही. पण त्याच्या आधीचं वचन कुणी फ्रेम करून लावत नाही. तिथे प्रेषित पौल उपाशी राहण्याबद्दल बोलतोय. भरल्या पोटी कसं राहायचं आणि रिकाम्या पोटी कसं, दोन्ही मला कळलंय, असं म्हणून मग तो "सर्व काही"वर येतो.

फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिताना तो कैदेत होता. परंपरा सांगते, रोममध्ये. त्या काळात बाहेरून कुणी आणून दिलं नाही तर कैद्याचे हालच. फिलिप्पैच्या मंडळीने आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, तिचीही पोच या पत्रात आहे. पोच देताना आपण काय लिहू? अगदी वेळेवर आलात, हात पार रिकामा झाला होता. पौल लिहितो, मला कमी पडलंय म्हणून बोलत नाही. ज्या स्थितीत आहे तिच्यात तृप्त राहायला मी शिकलोय.

शिकलोय. दिमिष्काच्या वाटेवर, जिथे तो ख्रिस्ताकडे वळला, प्रकाश एका क्षणात चमकला, समाधान मात्र तसं आलं नाही. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, तीनदा फुटलेलं तारू, अशी त्याची शाळा. आणि "तृप्त"साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द, औतार्केस, हा स्टोइक तत्त्वज्ञांचा आवडता. ज्याचं कुणावाचून अडत नाही, तो औतार्केस. पौल तो शब्द घेतो आणि लगेच सांगतो की बळ माझं नाही, ख्रिस्ताचं आहे. पुढच्याच वचनात म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. स्टोइक माणसाने हे "तरी" लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

याच पत्रात आणखी एक कबुली आहे. एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला. देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल लिहितो. म्हणजे समाधानी माणसाला एक दुःख आधीच होतं. म्हणून मयताच्या घरी जाऊन "प्रभूची इच्छा, समाधान माना" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पौल स्वतःबद्दल बोलत होता, तेही साखळदंडात. दुसऱ्याच्या दारात जाऊन नव्हे.

आणि समाधान म्हणजे हात बांधून बसणंही नव्हे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यांनीच भरलं. दुष्काळ देवाने धाडला, तेव्हा सोसा, असं त्यांनी त्या मुलींना सांगितलं नाही. आधी जेवू घातलं. उतारवयात त्या मूळ इब्री (हिब्रू)-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ साली एकुलती एक लेक, मनोरमा, गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या, पण भाषांतर अर्ध्यावर सोडून नव्हे. त्या महिन्यांत त्या रडल्या नसतील असं मी म्हणणार नाही.

शेवटी परत फिलिप्पैला जाऊ. तिथेच पूर्वी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते गात होते. त्याच रात्री बंदिशाळेच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. एपफ्रदीताने परत आणलेलं हे पत्र मंडळीत वाचलं गेलं, तेव्हा तो नायकही कदाचित समोर बसला असेल. "तृप्त राहायला शिकलोय" हे त्याने ऐकलं असेल. आणि मला वाटतं, वाचन संपल्यावर त्याने एपफ्रदीताला बाजूला घेऊन विचारलं असेल, "ते ठीक आहे रे, पण तिथे त्यांना जेवायला कोण देतं?"