वॉलेसच्या आधीचं नाव

(टेकडीवरचा मनोरा, मग आतल्या पायऱ्या)

हा मनोरा स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ ॲबी क्रेग नावाच्या टेकडीवर आहे, १८६९ साली पूर्ण झाला, उंची ६७ मीटर, वर जायला २४६ पायऱ्या, त्याही गोल गोल फिरत जाणाऱ्या दगडी, समोरून कोणी उतरत असेल तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेससाठी बांधलाय.

(काचेतली तलवार)

आणि ही त्याची म्हणून ठेवलेली तलवार. १६३ सेंटीमीटर. लोक इथे उभे राहून हिशोब करतात की एवढी तलवार चालवणारा माणूस सात फुटी तरी असणारच. पण हिचं पातं एकसंध नाहीये, तुकडे जोडून केलंय, आणि वॉलेस गेल्यावर २०० वर्षांनी, १५०५ मध्ये, राजा चौथा जेम्स याने हिला नवी मूठ बसवून घेतली. ही खरंच त्याच्या हातात होती असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग ती उंची, आणि इंग्रजांनी वॉलेसच्या बायकोला मारल्याची ती गोष्ट, हे सगळं आलं कुठून? ब्लाइंड हॅरी नावाच्या एका शाहिराकडून. त्याने १४७० च्या दशकात वॉलेसचा भलामोठा पोवाडा रचला, ११ हजारांवर ओळी, तोवर वॉलेसला जाऊन १७० वर्षं होऊन गेली होती. १९९५ चा वॉलेसवरचा सिनेमा ब्रेव्हहार्ट त्याच पोवाड्यावर उभा आहे आणि त्यात आणखी भर पडली. सिनेमात पुरुष घालतात तो चौकड्यांचा घागरा, किल्ट, तेव्हा नव्हताच, तो यायला अजून तीनेकशे वर्षं होती. तोंडाला निळा रंग फासणं हजार वर्षं आधीचं. आणि सिनेमात वॉलेसच्या प्रेमात पडते ती राजकुमारी इझाबेला, वॉलेसला मारलं तेव्हा ती दहाएक वर्षांची पोर होती आणि इंग्लंडला आलीच मुळी १३०८ मध्ये. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच.

(नदी आणि पूल)

सिनेमातल्या स्टर्लिंगच्या लढाईत पूलच नाही! ही फोर्थ नदी. हा दगडी पूल नंतरचा, तेव्हाचा लाकडी होता, इथून थोडा वरच्या अंगाला, एका वेळी दोन घोडेस्वार जातील एवढाच. ११ सप्टेंबर १२९७, इंग्रजांची फौज दोन-दोन करत पूल ओलांडायला लागली आणि स्कॉट लोक त्या मनोऱ्याच्याच टेकडीवर थांबून राहिले, बरीच फौज अलीकडे येऊ दिली, आणि मग भाले घेऊन खाली उतरले ते थेट पुलाचं तोंड अडवायला. पलीकडचे नुसते बघत राहिले. अलीकडच्यांच्या मागे नदी, पायाखाली दलदल, घोडे रुतलेले. इंग्रजांचा खजिनदार क्रेसिंगहॅम इथेच पडला.

हा डाव एकट्या वॉलेसचा नव्हता, बरोबरीने अँड्र्यू मरे होता. उत्तरेतल्या बड्या घराण्यातला, १२९६ मध्ये डनबारच्या लढाईत पकडला गेला, चेस्टरच्या किल्ल्यातल्या कैदेतून निसटला, घरी आला, आणि वॉलेसने दक्षिणेत लॅनार्कच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याला, मारलं त्याच सुमारास याने उत्तरेत एकेक किल्ला सोडवायला घेतला. सिनेमात त्याचं नावही नाही.

(पत्राचा फोटो, शिक्क्यावर क्लोजअप)

हे पत्र बघा. लढाईनंतर बरोब्बर एक महिन्याने, ११ ऑक्टोबरला, हॅडिंग्टनहून जर्मनीतल्या ल्युबेक आणि हॅम्बर्गला लिहिलंय, लॅटिनमध्ये. मजकूर काय, तर देवाच्या कृपेने राज्य इंग्रजांच्या हातून लढून सोडवलंय, आमची बंदरं खुली आहेत, तुमच्या व्यापाऱ्यांनी माल घेऊन निर्धास्त यावं. म्हणजे लढाईचं रक्त वाळत नाही तोवर या माणसांना बंदरं सुरू करायची घाई होती. आणि हा मेणाचा शिक्का, त्यावर धनुष्य, कडेने अक्षरं: विल्यम, ॲलनचा मुलगा. पोवाड्यात बापाचं नाव माल्कम आहे. पण शिक्का खुद्द वॉलेसचा, त्यामुळे माझ्या लेखी तो वाद तिथेच मिटतो.

पुढे जुलै १२९८ मध्ये फॉलकर्कच्या लढाईत वॉलेसची हार, मग फ्रान्स, १३०५ मध्ये ग्लासगोजवळ पकडला गेला आणि २३ ऑगस्टला लंडनला स्मिथफिल्डमध्ये हाल हाल करून मारला.

(स्मिथफिल्डची भिंत, पाटी, खाली ठेवलेली फुलं. इथे निवेदन नाही.)

मरे तर स्टर्लिंगनंतर दोनेक महिन्यांतच गेला, त्याच लढाईतल्या जखमांनी असं मानतात.

(पुन्हा पत्र, पहिली ओळ)

पत्र पाठवणारे दोघं, स्कॉटलंडच्या फौजेचे सेनापती. आधी अँड्र्यू मरे. मग विल्यम वॉलेस.