एकाच बोकडाचा कळप

(दृश्य : गोव्यातला सत्तरी तालुका, श्रावणातली सकाळ. घरामागे बांबूच्या पट्ट्यांची उंच माची, तिच्यावर सात-आठ शेळ्या. वरून फणसाच्या डहाळ्या टांगलेल्या.)

शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हळूच ओढायची आणि आतला रंग बघायचा. लालबुंद असेल तर काळजी नाही. गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं. पांढरीफटक निघाली, तर शेळीच्या अंगातलं रक्त कमी होत चाललंय. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यासाठी पाच रंगांचा छापील तक्ताच केला, त्याला फमाचा म्हणतात. इथल्या बायकांकडे तक्ता नाही, पण नजर तयार आहे.

हे रक्त पितो हिमॉन्कस नावाचा जंत. शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात तो चिकटून बसतो. लांबीला दोन-तीन सेंटिमीटर. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण जंत हजार असले की रोजचे ५० मिलिलिटर झाले, आणि शेळी असते जेमतेम पंचवीस-तीस किलोची. त्यात एकेक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, आणि ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून निघालेली अळी गवतावर चढायला तयार होते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जंताला आणखी काय हवं?

(दृश्य : शेळी मागच्या पायांवर उभी राहून फणसाचं पान ओढते.)

या डहाळ्या उगाच वर टांगलेल्या नाहीत. अळी गवताच्या बुडाशी, ओलाव्याच्या आधारानं राहते, फार उंच चढत नाही. मान वर करून खाणाऱ्या शेळीच्या पोटात ती कमी जाते.

आता प्रश्न असा, की माची एक, चारा एक, पाऊस एक, तरी एका शेळीची पापणी पांढरी आणि शेजारचीची लाल का? वय, गाभणपण, खाणंपिणं ही कारणं आहेतच. पण ती सगळी बाजूला काढली तरी फरक उरतो. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात सापडतात, हे जगभर दिसलेलं आहे. उरलेल्या फरकातला काही भाग आईबापांकडून, जनुकांतून आलेला असतो.

(दृश्य : मानेच्या शिरेतून रक्त घेतलं जातं. जांभळ्या झाकणाची बारीक नळी. नळी बर्फाच्या डब्यात.)

शेळीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं वाहणारी साठ गुणसूत्रं असतात, म्हणजे तीस जोड्या. त्यांतल्या तेविसाव्या जोडीवर जनुकांचा एक गट आहे. त्याचं नाव लांबलचक, मेजर हिस्टोकम्पॅटिबिलिटी कॉम्प्लेक्स. आपण एमएचसी म्हणू. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका टोपलीतला माल समोर मांडून बसतात ना, तशी पेशी आपल्या पोटात काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेरच्या बाजूला मांडते. विषाणू आत शिरला असेल तर त्याचेही तुकडे त्यात येतात. ते धरून ठेवणारी प्रथिनं एमएचसीच्या जनुकांवरून बनतात. टी-पेशी, म्हणजे शरीराचा पहारा करणाऱ्या रक्तातल्या पेशी, फिरत येतात, मांडलेला तुकडा तपासतात, आणि परका दिसला तर हल्ला करतात.

टी-पेशी तुकडा बघताना स्वतःचं एमएचसीही ओळखतात, हे १९७४ साली ऑस्ट्रेलियात दोघांनी दाखवून दिलं. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी. १९९६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. डोहर्टी मूळचे पशुवैद्य. गुरांच्या डॉक्टरला आपल्याकडे जो दुय्यम मान मिळतो, त्याकडे बघता ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

या प्रथिनात एक खोबण असते आणि तुकडा तिच्यात बसतो. खोबणीचा आकार जरा बदलला की बसणारा तुकडा बदलतो. कुणाच्या खोबणीत अमुक रोगाचा तुकडा चपखल बसतो, कुणाच्या बसतच नाही. शेळीत डीआरबी नावाचं जनुक अशीच एक खोबण घडवतं, आणि याची रूपं, म्हणजे त्याच जनुकाचे थोडे वेगळे प्रकार, शेळ्यांच्या जातीजातींत, कळपाकळपांत भरपूर आढळतात. गंमत म्हणजे सगळी विविधता त्या खोबणीच्या भागातच दाटलेली असते, बाकीचं जनुक बऱ्यापैकी सारखं. काही रूपं तर इतकी जुनी, की ती दुसऱ्या शेळीपेक्षा मेंढीतल्या रूपाशी जास्त जुळतात. शेळी आणि मेंढी वेगळ्या झाल्या त्याआधीपासून ती चालत आली आहेत.

मग यातलं सगळ्यांत चांगलं रूप कोणतं? हा प्रश्न हमखास येतो, आणि माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. एका जंतावर भारी पडणारं रूप दुसऱ्या विषाणूपुढे कुचकामी ठरू शकतं. शिवाय जंत आणि विषाणू स्वतः बदलत राहतात. करडाला आईकडून एक आणि बापाकडून दुसरं, अशी दोन वेगळी रूपं मिळाली, तर त्याच्या पेशी जास्त प्रकारचे तुकडे मांडू शकतात. आणि कळपात रूपं जितकी जास्त, तितकी एकाच साथीत सगळा कळप आडवा होण्याची शक्यता कमी.

याच्या अगदी उलट वागलेलं एक जनुकही शेळीत आहे. एमयूसी६. पोटाच्या आतल्या चिकट अस्तरातलं एक प्रथिन ते बनवतं. त्याचं एक रूप कॉकेशस डोंगरातल्या रानशेळीच्या कुळातून पाळीव शेळीत आलं, आणि आज जगभरच्या पाळीव शेळ्यांत जवळजवळ तेच एक दिसतं. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. जंतांना अटकाव करायला ते उपयोगी पडत असावं. अस्तर सगळ्याच जंतांना आडवं येतं, म्हणून तिथे एक रूप पुरलं असेल. शत्रूला नेमकं ओळखायचं काम मात्र एका रूपानं भागत नाही.

एमएचसीसारखी जनुकं वाचणं सोपं नव्हतं. एकसारख्या जनुकांच्या रांगाच रांगा, कुठला तुकडा कुठे जोडायचा तेच कळेना. २०१७ साली अमेरिकेत सॅन क्लेमेंटी जातीच्या एका बोकडाचा जनुकसंच लांब तुकड्यांत वाचला गेला, तेव्हा प्रतिकारशक्तीच्या जनुकांचे काही गुंते नीट सुटले. त्या बोकडाचं नाव पापडम. आपल्याच पानातला पापड, थेट जनुकशास्त्रात.

(दृश्य : वाडीतला बोकड, दाव्याला बांधलेला. मागे शेळ्या.)

आता परत माचीकडे येऊ. गोव्यातले कळप लहान. कुणाकडे पाच शेळ्या, कुणाकडे दहा. धनगर-गवळ्यांच्या वस्तीवर थोड्या जास्त. बोकड वाडीत एखादाच. त्याच्या पाटी, म्हणजे तरण्या लेकी, आठ-दहा महिन्यांत माजावर येतात आणि त्याच बोकडाला लागतात. पुढच्या पिढीतही तेच. बापाच्या दोन रूपांपैकी एक लेकीत, मग नातीत पुन्हा त्याच दोनांतलं, आणि हळूहळू करडांना दोन्हीकडून एकच रूप मिळायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. करडं जन्मतात, चीक पितात, उड्या मारतात. सुरुवातीचे आठवडे ती आईच्या चिकातल्या, रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांवरच निभावतात. हिशेब होतो तो नंतर, पहिल्या पावसाळ्यात.

दुसरं दुखणं बाजाराचं. सणासुदीला सगळ्यांत दणकट बोकड आधी विकला जातो, कारण पैसे त्याचेच चांगले येतात. पैदाशीला उरतो तो मागे राहिलेला. यात मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, शाळेची फी बोकडानंच भरायची असते.

तिसरं, बाहेरची जात. राजस्थानची सिरोही, आफ्रिकेची बोअर, वजनाला जोरदार. नवं रक्त येतं हे चांगलंच. पण कोरड्या मुलुखात वाढलेल्या जनावराला इथली ओल आणि इथले जंत झेपतीलच असं नाही. शेजारच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ, काळ्या अंगाची, तोंडावर दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा असलेली, याच पावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. पेडण्याहून सावंतवाडी जवळच, तेव्हा बोकड शोधायला फार लांब जायला नको.

लसीची बाजूही विसरून चालणार नाही. पीपीआर या शेळ्यांच्या प्लेगवर आपल्याकडे चांगली लस आहे, भारतात केलेली. रोग भारतात पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला, आणि २०३० पर्यंत तो जगातून घालवायचं ठरलं आहे. लसीला प्रत्येक जनावर सारखाच प्रतिसाद देत नाही आणि त्यातही जनुकांचा वाटा असतो. म्हणून लस टोचायची ती सगळ्या कळपाला, दोन-चार निवडक जनावरांना नाही.

(दृश्य : दोन वाड्यांमधली पायवाट. दोघं मालक आपापले बोकड घेऊन.)

वाडीवाडीत बोकडांची अदलाबदल करायला खर्च काही नाही. साधारण वर्षभरानं, लेकी माजावर येण्याआधी बोकड हलवायचा. तो देणाऱ्याच्या कळपातला सगळ्यांत दणकट असावा, नाहीतर अदलाबदलीत मरतुकडा गळ्यात पडतो. आलेला बोकड तीन आठवडे वेगळा बांधायचा, लेंडी तपासून घ्यायची, लस झालीय का विचारायचं, आणि मगच कळपात सोडायचा.