कुलवृत्तांत सापडत का नाही?

मंडळी, कुलवृत्तांत म्हणजे एका कुळाचा छापील इतिहास आणि वंशावळ. आडनावापुढे ‘कुलवृत्तांत’ लिहून शोध घेतला, काही हाती लागलं नाही, की बहुतेक जण तिथेच थांबतात. पुस्तक कित्येकदा असतं, पण दुसऱ्याच नावाखाली.

शीर्षकापासून सुरुवात करू. कुलवृत्तांत, कुलवृत्तान्त, कुळवृत्तांत, कुलवृत्त, घराण्याचा इतिहास, वंशावळ: यांतलं काहीही असू शकतं. अनुस्वार आणि ‘न्त’ हे संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून आडनावासोबत नुसतं ‘कुल’ टाका, मग ‘कुळ’. परदेशी ग्रंथालयांच्या रोमन सूचीत आणखी एक गोची आहे. तिथे आपण उच्चारत नाही तो ‘अ’सुद्धा लिहितात. ‘कुल’मधल्या एलनंतर ए, शेवटच्या ‘त’नंतरही ए, आणि ‘वृ’मध्ये आय नाही, व्हीनंतर थेट आर. लेखकाच्या नावाने शोधण्यात फारसा अर्थ नाही; तिथे बहुधा संपादक किंवा कुलमंडळ, म्हणजे कुळातल्या लोकांची संस्था, असतं. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात ९२९.२ या क्रमांकाचं कपाट गाठा.

जुन्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ अजून उपयोगी पडते. एका भागात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. ती चाळावी, म्हणजे आपल्याला न सुचलेली शीर्षकंही नजरेस पडतात. ही पुस्तकं कुलबंधूंच्या वर्गणीतून निघत, प्रती मोजक्या, दुकानात क्वचितच. तेव्हा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई आणि ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालयं अशा जुन्या संस्थांत चौकशी करा.

आता मुख्य मुद्दा. आडनाव ही कच्ची खूण आहे. जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही वृत्तीची किंवा वतनाची नावं. एकाच आडनावाची, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली कितीतरी कुळं आहेत. उलट एकाच कुळातून गाव बदलल्यावर, हुद्दा मिळाल्यावर वेगळी आडनावं निघाली. पेशव्यांचं मूळ आडनाव भट. त्यामुळे तुमची शाखा मूळ आडनावाच्या ग्रंथात असू शकते. शोधायला बसण्याआधी गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि पणजोबांपर्यंतची नावं कागदावर हवीत. पुस्तक हाती आलं की आधी गोत्र जुळतं का पाहा. नाही जुळलं तर बहुधा ते तुमचं नव्हे. मात्र दत्तकाची शक्यता तपासूनच ते मिटा.

वंशावळीत आजोबांचं नाव नातवाला, हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. ‘गोविंद विष्णू’ चार सापडतील. गाव, वडील, आजोबा आणि भावांची नावं, चारही जुळली तरच माणूस आपला. जुन्या ग्रंथांत मुली वंशवृक्षात बऱ्याचदा नसतात; त्या खालच्या व्यक्तिमाहितीत, सासरच्या नावासह शोधाव्या लागतात. शकात दिलेल्या वर्षाचं इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९; मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात आणि पौषाच्या पूर्वार्धात दोन्ही शक्य.

स्कॅन प्रतीत घडीचे वंशवृक्ष अनेकदा उलगडलेलेच नसतात, कोपरा तेवढा दिसतो. सुटे तक्ते तर गायबच. अशा वेळी अनुक्रमणिकेतल्या आकड्याशी तक्ते ताडून पाहा आणि कमी भरले तर छापील प्रत गाठा. आणि एक: छापण्याच्या वेळी हयात असलेल्यांची माहिती पत्रकं भरून घेतलेली, ती बरीच भरवशाची. मूळपुरुषाजवळच्या पिढ्या पुष्कळदा ऐकीव. तिथे आधाराचा कागद दिलाय का, तेवढं बघा.