बोर्ड सगळ्यात शेवटी

(दृश्य: मोरजीचा किनारा, दुपार. वाळूवर हवा भरून उलटे ठेवलेले काईट.)

उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथला हा मोरजीचा किनारा. मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काईटच्या ओढीने बोर्डावरून पाण्यावर घसरत जायचं, ते काईटसर्फिंग इथे शिकवतात. त्यासाठी शाळा कशी निवडायची, ते बघू. सकाळी इथे फार काही घडत नाही. दुपारपर्यंत जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत चांगल्या दिवशी तो १२ ते १८ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी साधारण २२ ते ३३ किलोमीटर. येतो वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका. नवशिक्याला असाच वारा हवा. काही चुकलं तरी तो तुम्हाला शेवटी वाळूकडेच आणून सोडतो. पहाटेचा मतलई वारा याच्या उलट, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. त्या वाऱ्यात शिकवायला कोणी तयार झालं, तर तिथूनच माघारी फिरा.

मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी मात्र वारा बघून येत नाहीत, सुट्टी बघून येतात. नाताळात गोवा तुडुंब भरलेला असतो आणि वाऱ्याचा अजून पत्ता नसतो. त्यामुळे शाळेची पहिली परीक्षा फोनवरच होते. डिसेंबरात यायचंय, एवढंच सांगून बघा. "या की, बुकिंग करून टाकू," असं एक उत्तर मिळेल. दुसरं असेल, "तेव्हा भरवसा नाही, फेब्रुवारीनंतर जमतंय का बघा." तुम्हाला हिवाळ्यातच यायचं असेल, तर एखादी शाळा सरळ रामेश्वरमचं नाव सांगेल, तिथे त्या दिवसांत ईशान्येचा वारा असतो, आणि उथळ, सपाट पाणीही. आपलं गिऱ्हाईक तमिळनाडूला धाडणाऱ्या माणसाकडे मी तरी पुढच्या मोसमात नक्की शिकायला जाईन.

(दृश्य: इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी. कमरेला हार्नेसचा पट्टा, हातात बार म्हणजे काईट चालवायचा दांडा, वर काईट.)

हवा भरून फुगवायच्या काईटचं पेटंट १९८४ साली फ्रान्समधल्या ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी घेतलं. असा काईट पाण्यात पडला तरी तरंगतो आणि पाण्यावरूनच पुन्हा उडवता येतो. तेव्हापासून त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण ओढीचा हिशेब तोच आहे. वारा १२ नॉटवरून १७ वर गेला, की त्याच काईटची ओढ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शाळेत गेल्यावर आधी काईट किती आहेत ते बघा. पन्नास किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा गडी, दोघांनाही १२ चौरस मीटरचा एकच काईट देत असतील, तर प्रश्न विचारायचीही गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. बार स्वतःकडे ओढला की काईटचा जोर वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. आणि माणूस घाबरला की काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो, छातीशी ओढतो. म्हणजे नेमकं नको तेच. चांगल्या शाळेचं पहिल्या दिवसाचं सगळं शिकवणं या एका सवयीशी झगडत असतं. बार सोड. पुन्हा सोड. मग क्विक रिलीज, म्हणजे काईट सोडायची सुरक्षा-कळ: एका हिसक्यात काईटचा जोर जातो आणि तो फक्त लीशला, म्हणजे सुरक्षा दोरीला, अडकून राहतो. हे वाळूवर, पाण्यात, डोळे मिटून, हात बदलून करून घेतात. कंटाळा येईपर्यंत करून घेतात, आणि तो यायलाच हवा.

(दृश्य: बोर्डाशिवाय पाण्यातून ओढला जाणारा विद्यार्थी.)

याला म्हणतात बॉडी ड्रॅग. पायात बोर्ड नाही, नुसतं शरीर काईटमागे ओढत न्यायचं, तेही वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे. कारण पुढे बोर्ड सुटणारच आहे, आणि तो तिकडेच राहिलेला असतो. त्यानंतर स्वतःची सुटका: वारा पडला, तर दोऱ्या बारवर गुंडाळत काईटपर्यंत पोचायचं आणि त्याच्याच आधाराने किनारा गाठायचा. बोर्ड या सगळ्यानंतर येतो. पहिल्याच दुपारी पायात बोर्ड आणि हातात फोटो देणारी शाळा तुम्हाला खूश करते, एवढंच.

इन्स्ट्रक्टरच्या प्रमाणपत्राबद्दल थोडं. इन्स्ट्रक्टरना प्रमाणपत्र देणाऱ्या आयकेओ आणि व्हीडीडब्ल्यूएस या दोन संस्थांची नावं जगभर चालतात. मात्र प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असतं. भिंतीवर मालकाचं लावलेलं असेल आणि शिकवायला कालच रुजू झालेला पोऱ्या येईल. तुमच्यासोबत पाण्यात कोण उतरणार, त्याचं कार्ड बघा. एका काईटवर दोघं आलटून पालटून शिकले तर हरकत नाही, दुसऱ्याला बघूनही बरंच कळतं. चौघं असतील तर तुम्ही पैसे देऊन वाळूत बसणार. पोहता येतं का, खांदा कधी निखळलाय का, हे त्यांनी विचारायला हवं. नाही विचारलं तर का नाही, ते तुम्ही विचारा.

(दृश्य: मोरजीच्या टेंब भागातलं कासवांच्या घरट्यांभोवतीचं कुंपण.)

मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दोऱ्या वीस-बावीस मीटर लांब असतात, त्यामुळे काईट कुठे उडवायचा याला इथे मर्यादा आहेत: कुंपण, मच्छीमारांच्या होड्या, शॅकसमोरच्या खुर्च्या. अर्धा तास लांब बसून नुसतं पाहा. वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा मोकळी ठेवतात का? कोणी स्वतःच्या डोक्यावर थापटून काईट उतरवायची खूण केली, की तो धरायला लगेच कोणी धावतं का?

शेवटी पैसे. तीन दिवसांचा कोर्स, असं सांगतील. तुम्ही तास विचारा. बोर्डावर उभं राहून थोडं अंतर जाण्याइतकं यायला साधारण ९ ते १२ तास लागतात, आणि वारा तुमच्या रजेशी बांधील नाही. न झालेल्या तासांचे पैसे परत मिळणार की ते पुढच्या मोसमात चालणार, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.