उजवा खांदा

(काळ्या पडद्यावर फक्त पायमशीनचा आवाज. मग हळूहळू मशीन दिसते.)

हा आवाज ज्यांच्या घरात होता त्यांना वेगळं काही सांगायला नको. ही आईची उषा, पायाने चालवायची, काळी, सोनेरी वेलबुट्टी आता जवळजवळ पुसून गेलीय आणि चामड्याचा पट्टा दोनदा बदललाय. मधली बरीच वर्षं ही मशीन कमी आणि टेबल जास्त होती, वर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि पायट्यावर कांदे-बटाट्याची टोपली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी ते सगळं उतरवलं, तेल घातलं, आणि म्हटलं आता घरातच बसायचंय तर एक कुर्ता शिवून बघू.

(कपाटाचं दार उघडतं.)

आता ह्या दांडीवर जे लटकतंय ते सगळं मी शिवलेलं आहे. ह्यातलं निम्मं अंगावर घालून बाहेर जाण्यासारखं नाहीये. तरी टाकलं काहीच नाही, का ते बघा.

आधीच सांगते, पैसे वाचतात म्हणून शिवायला बसणार असाल तर नका बसू. कापड, अस्तर, रीळ, बटणं आणि वाया गेलेला रविवार असा हिशोब केला तर तुळशीबागेतला तयार कुर्ता स्वस्त पडतो.

हे सगळ्यात छोटं काय दिसतंय, ते झबलं. आईची अटच होती, कुर्ता नंतर, आधी झबलं. जुन्या व्हॉइल साडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मला वाटलं काय चिल्लर काम दिलं. पण गळा, मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई, पट्टी, बंद सगळं ह्या वीतभर कापडात असतं आणि चुकलं तर वीतभरच वाया जातं. माझ्या टिपेखाली सारखा दोऱ्याचा गुंता व्हायचा, मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, दहा वेळा काढली, ती बसते ते शटल साफ केलं, मशीनला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की गुंता खाली दिसत असला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, एक तर तो नीट ओवलेला नसतो नाहीतर त्याचा ताण सैल असतो. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकले पाहिजेत, तो अडकलेला ठिपका वरूनही दिसायला नको आणि खालूनही नको.

(सुईचा क्लोजअप.)

ह्या सुईकडे बघा. हातशिलाईच्या सुईला भोक मागे असतं, हिला टोकाजवळ. १८४६ मध्ये अमेरिकेत इलायस होवेने जे पेटंट घेतलं त्यात हीच टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा होता. नाव मात्र झालं सिंगरचं, ज्याचं पेटंट १८५१ चं, आणि होवेने कोर्टात खेचल्यावर सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. गांधीजींचा यंत्रांना विरोध आपण शाळेत शिकतो, पण शिलाई मशीनला त्यांनी त्यातून वगळलं होतं, १९२४ मध्ये ते म्हणाले होते की सिंगरने बायकोचे कष्ट बघून प्रेमापोटी हे यंत्र केलं. गोष्ट गोड आहे. पण खरा सिंगर एकाच वेळी तीन-चार संसार चालवणारा आणि वीसहून जास्त मुलांचा बाप होता, तेव्हा प्रेम नक्की कुणावर हा प्रश्न उरतोच. असो. मशीन चांगली आहे.

पुढचा हा निळा कुर्ता. कापड रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलेलं, सुंदर कॉटन, आणि मला इतकी घाई की आणलं त्याच दिवशी बेतलं. शिवला, घातला, सगळ्यांनी वा वा केलं, आणि पहिल्या धुण्यानंतर गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्याच्या वर. कापड आटलं. आता सुती कापड घरात आलं की आधी रात्रभर बादलीत, मग सावलीत वाळवून इस्त्री, आणि मगच कात्री.

हा पिवळा बघा, ह्याला हँगरवर बघून काही कळणार नाही. (दोन्ही बाह्या समोर धरलेल्या.) दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत! बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल असतो आणि मागून कमी, कारण हात आपण पुढे नेतो, मागे नाही. कापड सुलट बाजू सुलट बाजूला लावून दुहेरी घडी केली तर एक डावी एक उजवी आपोआप निघते. मी कापड वाचवायला एकेक बाही वेगळी कापली, तीही एकाच बाजूने, आणि उसवून शिवून तीनदा उलटसुलट लावून बघितली. डावा हात वर केला की अख्खा कुर्ता वर यायचा. बसमध्ये दांडा धरून बघा असा.

चुडीदारची गोष्ट तर लाजिरवाणी आहे. मी ती सरळ कापडात कापली, पायजम्यासारखी. खाली बसले आणि गुडघ्यावर फाटली, तेही हळदीकुंकवात. घरात रुमाल असेल तर आत्ता करून बघा, काठाला समांतर ओढा, तो ताणत नाही, आणि आता कोपऱ्याला धरून तिरका ओढा. बघितलंत? चुडीदार तिरक्या कापडातच बेततात, म्हणून ती पोटरीला चिकटते आणि तरी मांडी घालता येते. गळ्याची क्रॉस पट्टी वळते तीही ह्याच कारणाने. हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते, हळदीकुंकू नाही विसरत.

आणि मग हा खणाचा ब्लाऊज. गुळेदगुडचा खण, पारंपरिक विणीचा, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी लहान आणि काठ हवा तिथेच यायला हवा, म्हणून बेतण्यातच संध्याकाळ गेली. कापायला पाच मिनिटं लागतात, बेतायला तास. टक्स, म्हणजे फिटिंगसाठी घालायच्या चिमट्या, जमले, मुंढा जमला, गळ्याला आतून बारीक कट मारले त्यामुळे तोही छान बसला, आणि तरी उजवा खांदा घसरायचा. मी गळा लहान केला, घसरायचा. पुढच्या कुर्त्यालाही तेच. मला वाटलं मी कापतानाच चुकतेय.

(चेक्सचा शर्ट घालून आरशासमोर.)

उत्तर दिलं ह्या शर्टाने. साध्या कापडात काही कळत नाही हो, चेक्स मात्र खोटं बोलत नाहीत. छातीवरच्या आडव्या रेघा बघा, डावीकडे सरळ आहेत आणि उजवीकडे उतरत जातायत. कापड सरळ होतं, शिलाई सरळ होती, तिरकी मी होते. माझा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. इतकी वर्षं दुकानात ट्रायल रूममध्ये उभी राहून मी स्वतःला नावं ठेवली, आणि गोष्ट अर्ध्या इंचाची होती. आता उजवीकडे खांद्याची शिवण अर्धा इंच उतरवते आणि मुंढाही तेवढाच खाली घेते, नाहीतर काखेत काचतं.

मध्यंतरी माळा आवरताना माझा शाळेचा निळा पिनाफोर सापडला, आईने शिवलेला. जुन्या शिवणी उसवून बघायची आता सवयच लागलीय, म्हणून खांदा उसवला. उजव्या खांद्याच्या आत कापडाची चौपदरी घडी करून टाकलेली, बारीक टाक्यांनी बसवलेली. डाव्यात काही नाही.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "मग? उतरतो ना तुझा खांदा." आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली.

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

आतून म्हणाली, "त्यात सांगायचं काय."

(टेबलावर फिकट जांभळं कापड, खडू, टेप.)

सध्या हे चाललंय, आईचा ब्लाऊज, टू बाय टू रुबिया. तिच्या मापांची जुनी वही आहे, पण माप मी नव्याने घेतलं. छाती तीच, बाही तीच. पाठीची उंची मात्र पाऊण इंच वाढवावी लागतेय आणि पुढची थोडी कमी, कारण ती वाकलीय आता. मी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

तिने फक्त विचारलं, गळा फार खोल नाही ना ठेवलास.