प्रोटॉनचं वजन येतं कुठून?

कुठलाही इलेक्ट्रॉन घ्या, त्याची ओळख मास, चार्ज आणि स्पिन या तीन आकड्यांत उरकते. इथला इलेक्ट्रॉन उचलून तिथे ठेवला आणि तिथला इथे आणला, तर अदलाबदल झाली हे ओळखायला काही मार्गच नाही, इतके ते सगळे सारखे.

चार्ज सोपाय. इलेक्ट्रॉन मायनस 1, प्रोटॉन प्लस 1, न्यूट्रॉन शून्य.

स्पिन, म्हणजे कणाचं जणू स्वतःभोवती फिरणं, जरा विचित्र. 1922 मध्ये श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका खास चुंबकातून सोडला, वाटलं होतं काचेवर चांदी पसरट डाग पाडेल, पण अणू दोनच बाजूंना फुटले, मधे काही नाही. कारण चांदीच्या अणूतल्या सगळ्यात बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन 1/2, त्याला दोनच पर्याय, वर नाहीतर खाली, बस.

पण खरी गंमत मासमध्ये आहे. प्रोटॉन 938 एमईव्ही, इलेक्ट्रॉन जेमतेम 0.511, म्हणजे प्रोटॉन 1836 पट जड (एमईव्ही म्हणजे मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, एनर्जीचं एकक; भौतिकशास्त्रवाले वजनसुद्धा त्यातच मोजतात, सवय होते). आता प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाचे आणखी छोटे कण असतात, दोन अप क्वार्क आणि एक डाऊन, अप साधारण 2 एमईव्हीचा, डाऊन 5 च्या आत-बाहेर, करा बेरीज, जेमतेम 9 होतात! मग बाकीचे 900 वर कुठून आले? तर क्वार्कची आतली धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन नावाचे कण, यांची सगळी एनर्जीच बाहेरून आपल्याला वजन म्हणून दिसते. 2012 ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्यापासून 'हिग्जमुळे सगळ्याला वजन मिळतं' असं सर्रास सांगतात ना, ते अर्धवट आहे, आपल्या वजनात त्याचा वाटा किरकोळच.

न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा फक्त 1.3 एमईव्हीने जड, कारण त्यात डाऊन क्वार्क दोन. एवढ्याशा फरकामुळे न्यूक्लियसच्या (अणूच्या गाभ्याच्या) बाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांत मोडतो, त्याचा प्रोटॉन होतो आणि सोबत एक इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो नावाचा एक अगदी हलका कण बाहेर पडतो. स्थिर न्यूक्लियसच्या आत मात्र तोच न्यूट्रॉन अब्जावधी वर्षं ठणठणीत राहतो, कारण तिथे प्रोटॉन व्हायचं म्हटलं तर एनर्जीचा हिशोब त्याला परवडतच नाही.